पुणतांब्याची एक संध्याकाळ

नगरहून मनमाडच्या गाडीत बसले की राहुरीपासून उसाचे मळे सोबतीला येतात. श्रीरामपूर आले तरी फलाटावरची पाटी बेलापूर म्हणते. तिथे नवख्या माणसाची हटकून फजिती होते. माझी पूर्वी होऊन गेली असल्यामुळे या खेपेस मी निमूट बसून राहिलो आणि पुणतांब्याला उतरलो.

एका शिक्षक-स्नेह्याने बोलावले होते. त्यांना शाळेत गाण्याचा वर्ग काढायचा होता. पेटी नव्हती, तबला नव्हता आणि मास्तरांना द्यायला गाडीभाडेही नव्हते. म्हणून मदतीचा कार्यक्रम ठरला. गाणी सी. रामचंद्रांची, वाजवणार लग्नातला ब्यांड आणि दोन शब्द बोलणार मी!

दुपारी गोदावरीच्या काठी चांगदेवांच्या समाधीचे दर्शन घेतले. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांस पत्रात काय लिहावे ते सुचेना, म्हणून त्याने कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. मुक्ताबाईने त्यावरून त्याची थट्टा केली. ती आठवून मलाही हसू आले.

याच गावी 1918 साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. गाणे शिकायला त्यांना गाव सोडावे लागले. नागपूरला शंकरराव सप्रे आणि पुण्याला विनायकबुवा पटवर्धन हे त्यांचे गुरू. पुढे मुंबईत त्यांनी चिक चॉकलेट या गोवेकर ट्रंपेटवाल्याला हाताशी धरले आणि 1951 च्या ‘अलबेला’त अमेरिकेचा जाझ थेट आपल्या पानपट्टीच्या दुकानापर्यंत आणून सोडला. गंमत अशी, की चितळकरांच्या जन्माच्याच वर्षी, तीनच महिन्यांनी, नगरला एका आयरिश सैनिकाच्या घरी स्पाइक मिलिगन जन्मला. तोही जाझचा ट्रंपेट वाजवी. पुढे त्याने बीबीसीवरून साऱ्या इंग्लंडला हसवले. एका जिल्ह्याने एका वर्षात एवढे द्यावे, म्हणजे कमालच!

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. मी उभा राहिलो आणि सांगितले, “मंडळी, मदतीचा खेळ आपल्याला नवा नाही. टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले होते. 1963 च्या जानेवारीत दिल्लीत जवानांच्या मदतीसाठी लताबाई गायल्या आणि पंडितजींचे डोळे पाणावले, ती चाल तुमच्याच गावच्या माणसाची.” टाळ्या पडल्या. मी खूश होऊन खाली बसलो.

मग ब्यांड सुरू झाला. क्लॅरोनेट जरा चिरका होता, ढोल जरा पुढे धावत होता. पण ट्रंपेटवर एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, त्याने ‘अलबेला’तली चाल अशी काही उचलली की म्हाताऱ्यांनीही ताल धरला. झोळी फिरली. एका पेटीपुरते आणि मास्तरांच्या चार-सहा महिन्यांच्या गाडीभाड्यापुरते पैसे जमले. तबला राहिला.

निघताना तो पोरगा जवळ आला. “काका, हे सूर कागदावर रेघा मारून लिहितात म्हणे. खरं का?”

“खरं. गोव्यात चर्चच्या शाळांतून लहान पोरांनासुद्धा ते शिकवीत. चिक चॉकलेटच्या बरोबरीचे कितीतरी वादक तशाच शाळांतून तयार झाले.”

“मग मला आता वाजवलेलं लिहून द्या की!” त्याने वहीचे पान फाडून माझ्यापुढे धरले. “मी सगळं कानानं वाजवतो. ब्यांडमास्तर म्हणतात, मोठ्या वाद्यवृंदात त्यावर भागत नाही.”

मी पान हातात घेतले. तासाभरापूर्वी जाझवर बोलणाऱ्या या वक्त्याला त्या पाच रेघांवर सा कुठे बसतो हेही ठाऊक नव्हते. तसे मी त्याला सांगितले. तो हसला नाही. नुसती मान हलवून ट्रंपेट पुसू लागला. मुक्ताबाईची थट्टा परवडली असती.

नगरला चिलखती दलाचे केंद्र आहे. लष्करी ब्यांडातून निवृत्त झालेला, रेघा वाचणारा एखादा वादक आसपास राहत असेल, या आशेने परतल्यापासून मी विचारपूस करतो आहे. वाचकांपैकी कोणाच्या ओळखीत असा कोणी असल्यास जरूर कळवावे. गाडीभाड्याची सोय झालेली आहे. ते पान अजून माझ्या खिशात आहे, कोरेच.