आईचं गुलाबपाणी

आई दरवर्षी घरी थोडं गुलाबपाणी काढायची. ताईच्या लग्नात पाहुण्यांवर तेच शिंपडायचं, असं तिचं ठरलेलं. ती गेली आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. गेल्या हिवाळ्यात ताईचं लग्न ठरलं, तेव्हा माळ्यावर तिची गुलाबदाणी सापडली आणि मी बडोद्याच्या आमच्या घरी, मागच्या गॅलरीत, खटाटोप मांडला.

स्टीलचा मोठा डबा, तळाच्या पाण्यात २००० वॉटचं एलिमेंट, वर जाळीत देशी गुलाबाच्या पाकळ्या, आणि झाकणातून निघून गार पाण्याच्या बादलीतून जाणारी तांब्याची नळी. पहिल्याच दिवशी नळीतून थेंबांऐवजी वाफेचे लोट आले. जे पाणी हाती लागलं त्याला शिजलेल्या पाल्याचा वास होता.

मग थर्मोस्टॅट लावला. ९५ अंशांवर ठेवला तर काहीच येईना; वर नेला तर पुन्हा लोट. शेवटी पंख्याचा रेग्युलेटर जोडला. मिनिटभरात तो जळाला आणि घरात अंधार झाला.

बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. आई गेल्यापासून त्यांनी पक्कडसुद्धा हातात घेतली नव्हती. अंधारात टॉर्च घेऊन तेच बाहेर आले.

"अरे, पंखा ७५ वॉटचा. त्याच्या रेग्युलेटरवर २००० चा भार टाकलास?"

"पण थर्मोस्टॅट का चालला नाही, बाबा?"

"पाणी उकळलं की शंभरावरच थांबतं. आच दुप्पट केलीस तरी तापमान तेच, वाफ मात्र दुप्पट. तू वॉट सांभाळ."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः बाजारात गेले आणि १००० वॉटची दोन एलिमेंट घेऊन आले. उकळी येईपर्यंत दोन्ही पॅरलल, म्हणजे २००० वॉट. मग स्विच फिरवून दोन्ही सिरीजमध्ये. प्रत्येकाला २३० ऐवजी ११५ व्होल्ट मिळतात. व्होल्ट निम्मे झाले की पॉवर चौथाई होते. म्हणून प्रत्येकी २५०, मिळून ५०० वॉट. २००० वॉटवर तासाला जवळजवळ तीन लिटर पाण्याची वाफ होते, ५०० वर फार तर पाऊण लिटर. तेवढी आमची बादली सहज निववते.

डब्याला अर्थिंग त्यांनीच केलं. एलिमेंट पाण्याबाहेर उघडं पडू द्यायचं नाही आणि नळीचं तोंड कधी बंद करायचं नाही, हे मला तीनदा बजावलं. तुमच्यापैकी कुणी हे करून पाहणार असेल, तर वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या.

त्या दुपारी नळीतून थेंब थेंब पाणी येऊ लागलं, गार आणि सुवासिक. बाबा स्टुलावर बसून घड्याळ लावून थेंब मोजत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुझी आई स्टोव्ह अगदी बारीक करून बसायची. मी म्हणायचो, किती वेळ लावतेस!"

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात गुलाबदाणी घेऊन बाबाच उभे राहिले.