दादांची पेटी

आमच्या वडील बंधूंच्या वर्षश्राद्धास तीन दिवस उरले असतां वहिनींनीं आम्हांस बोलावून सांगितलें, "भावोजी, त्या संध्याकाळीं सर्वांना सासूबाईंच्या ओव्या ऐकवाव्या असें मनांत आहे. पेटींत आहेत ना?"

दादांनीं १९८६ सालीं आईच्या जात्यावरील ओव्या कॅसेटींवर उतरवून घेतल्या होत्या. पुढें त्या ओव्या, घरचीं छायाचित्रें व जुनीं पत्रें त्यांनीं २०११ सालीं घेतलेल्या एका सामायिक पेटींत सांठविलीं. नेटवर्कला जोडलेली ही हार्ड डिस्कची पेटी माजघराच्या कोनाड्यांत असे, आणि दादांच्या संगणकावरून ती सहज उघडे. पण दादांच्या मागोमाग तो संगणकहि बंद पडला. नवा घेतला, तर तो पेटीपर्यंत पोहोंचेचना! मार्ग सांपडत नाहीं, एवढेंच तो पुनःपुन्हां सांगे.

आम्हीं आयुष्यभर संस्कृत शिकविलें. यंत्रविद्येंत आमची गति बेताचीच. तथापि अन्वय-व्यतिरेक लावण्यास यंत्रविद्या लागत नाहीं. पेटीचा दिवा लागलेला होता, तार घट्ट होती. राउटरच्या यादींत पेटीचा पत्ता मिळाला. त्यावर पिंग करितांच चारहि हांकांस उत्तर आलें. ब्राउझरमध्यें तोच पत्ता घातला, तों पेटीच्या व्यवस्थेचें पान उघडून परवलीचा शब्द मागूं लागलें. म्हणजे रस्ता शाबूत, घर जागच्या जागीं. अडत होतें तें संभाषणांत.

संगणकांनीं एकमेकांकडे फाइली कशा मागाव्या याची एक बोली आहे. तिला एसएमबी म्हणतात. तिचा उगम १९८३ च्या सुमारास आयबीएममध्यें झाला. आमच्या पेटींत तिची पहिलीच आवृत्ति चालूं होती, आणि नव्या विंडोजमध्यें ती २०१७ च्या अखेरीपासून मुळांत बसविलेलीच नसते. त्याच वर्षीं मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाचा खंडणीखोर प्रोग्राम विंडोजमधील याच पहिल्या आवृत्तीच्या छिद्रांतून जगभर पसरला होता. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांना आलेले रोगी परत पाठवावे लागले.

नातू म्हणाला, "आजोबा, कंट्रोल पॅनेलमधून पहिली आवृत्ति चालूं करूं, पांच मिनिटांचें काम!" काम पांच मिनिटांचेंच होतें, हें खरें. परंतु एका जुन्या पेटीसाठीं घराचें मागील दार उघडें टाकणें आम्हांस रुचेना. त्या काळच्या कांहीं पेट्यांत दुसरी आवृत्तिहि असे, मात्र बंद ठेविलेली. ती चालूं करावयास दादांचा परवलीचा शब्द पाहिजे, आणि दादांनीं तो कोणालाच सांगितला नव्हता. पेटीच्या पाठीमागें सर्व पूर्ववत् करणारें एक बटण होतें खरें. पण त्यासरशी आईच्या ओव्याहि पुसल्या गेल्या तर? त्या बटणास हात लावण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

दोन दिवस कपाटें धुंडाळलीं. शेवटीं वहिनींनीं जुन्या दैनंदिनींची चळत काढली. २०११ च्या दैनंदिनीच्या अखेरच्या पानावर दादांच्या वळणदार अक्षरांत 'पेटी' असा मथळा, आणि खालीं एकच शब्द. तो कोणता हें सांगणें युक्त नव्हे. वाचून वहिनी मात्र हंसल्या.

दुसरी आवृत्ति सांपडली, चालूंहि केली. तरी संगणक अडून बसलाच! दादांनीं पेटी बिनपरवलीची, सर्वांस मोकळी ठेविली होती. आमच्या संगणकांतील विंडोज ११ प्रोची २०२४ ची आवृत्ति प्रत्येक निरोपावर मुद्रा मागते, आणि निनांवी पाहुण्याजवळ मुद्रा कोठली? दिवसा कडी न लावणाऱ्या घरांत वाढलेल्या आम्हांस हें कडू वाटलें. पण संगणकाचेंच खरें होतें. पेटींत घरच्या प्रत्येकाचें नांव व परवलीचा शब्द नोंदविला, वहिनींचें प्रथम. फोल्डर उघडतांच सारें एका निराळ्या डिस्कवर उतरवून घेतलें, मगच आम्ही जेवावयास उठलों.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळीं सर्व मंडळी माजघरांत जमली. आरंभीं थोडी खरखर झाली, आणि एक तरुण आवाज म्हणाला, "आज रविवार. आई दळायला बसली आहे." कॅसेटीच्या आरंभीं दादा असें बोलत, हें आम्ही साफ विसरलों होतों. मग जात्याची घरघर आणि आईची ओवी.

ओवी संपली. कोणी बोलेना. वहिनी हळूच म्हणाल्या, "भावोजी, पुन्हां लावा. ओवी नको, तें आधींचें."