पांढऱ्यावर पांढरं

फुलांच्या चित्रांभोवती पांढऱ्या चौकटी दिसल्या म्हणून माझ्या विद्यार्थिनीचे गुण कापले गेले. हे मला अजून पचलेलं नाही.

वनस्पतिशास्त्राची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, जोडीने सादरीकरण, विषय कास पठारावर फुलणारा पांढरा गेंद. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे फूल तोडायचं नाही, म्हणून तिने फुलामागे पांढरं कार्ड धरून फोटो काढले. स्लाइडचा साचा आयोजकांचा, गडद हिरवा, आणि तोच वापरायची सक्ती.

आम्ही दोघी बसलो. पॉवरपॉइंटमधलं ‘सेट ट्रान्सपरंट कलर’ घेऊन कार्डावर क्लिक केलं. ते एकच रंग पुसतं. पण कार्डाचा पांढरा एक कुठे असतो? सावलीत करडा, उन्हात पिवळसर, शिवाय जेपेगमुळे कडेला उठलेले ठिपके. कार्डाचे तुकडे तसेच राहिले आणि गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यांना मात्र भोकं पडली. फुलातून हिरवी स्लाइड दिसायला लागली. मग ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ घेतलं. ते जे काढणार ते जांभळं करून दाखवतं. त्यात दोऱ्याएवढे देठही गेलेले! राखायच्या भागावर रेघा ओढून ओढून तिने एकेक देठ परत मिळवला. जेपेगमध्ये पारदर्शकता टिकतच नाही, म्हणून सगळी चित्रं पीएनजी केली. तीच तिने जोडीदाराला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली. तिथे ती पुन्हा जेपेग झाली आणि रिकामी केलेली जागा पांढरी होऊन आली. डॉक्युमेंट म्हणून पाठवली असती तर वाचली असती, पण हे त्या मुलांना कोणी शिकवतं का?

परीक्षक म्हणाले, “चित्रं चिकटवल्यासारखी दिसतात.” बस, एवढंच. गेंद सड्यावरच्या उथळ पाण्यात कसा वाढतो, एकाच गोंड्यात नर आणि मादी फुलं कशी असतात, सगळं तिला तोंडपाठ होतं. एकही प्रश्न विचारला नाही. आणि चिकटवणं हा दोष कधीपासून झाला? मुंबईच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जाऊन पाहा, तिथे वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवलेल्याच आहेत. त्यांच्यावरच आमचं शास्त्र उभं आहे. तिच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं.

खरं सांगायचं तर हिरव्यावर त्या चौकटी मलाही खुपल्या. परीक्षक मी असते तर गुण कापले नसते, असं छातीठोकपणे सांगवत नाही. पण आधी फुलाबद्दल विचारलं असतं.

पांढऱ्या फुलामागे काळं कार्ड धरावं, हे मी आता पहिल्याच तासाला सांगते. आणि साचा द्यायचाच असेल तर पांढरा द्या, म्हणजे निम्म्या चित्रांची पार्श्वभूमी पुसावीच लागणार नाही, असं आयोजकांना लिहून कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार आहे.