घृष्णेश्वराहून परतताना

मैत्रिणींनो, श्रावणात घृष्णेश्वराला जाता ना? आम्ही छावणीतल्या बायका दरवर्षी जातो. पडेगाव, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद आणि घाट उतरला की वेरूळ, तासाभराची वाट. दर्शन झालं की बहुतेकजणी परतायची घाई करतात, संध्याकाळचा स्वयंपाक डोळ्यांपुढे असतो! फार तर कैलास पाहून होतो. पण पावसाळ्यात वेरूळला पाहावं ते पाणी.

२९ व्या लेण्याला, म्हणजे धुमार लेण्याला लागूनच येळगंगा कड्यावरून कोसळते. खालच्या डोहाला सीतेची न्हाणी म्हणतात. वरच्या डोंगरात चांगला पाऊस झाला की आवाज दुरूनच ऐकू येतो, आणि लेण्याच्या खांबांत उभं राहिलं तरी अंगावर तुषार येतात.

हा कडा झाला कसा? शाळेतल्या मुलींना मी सांगते, पोळ्यांची चळत डोळ्यांपुढे आणा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ लवकर झिजतो, टणक तग धरतो, म्हणून पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं. ह्याच कातळात ३४ लेणी कोरली गेली. १९८३ पासून ती जागतिक वारसा आहेत.

लेण्यांना पहारेकरी आहेत हो, पण ओढ्याला कोण? वेफर्सच्या पिशव्या, बाटल्या, आणि (हे आपलंच बरं का!) प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेलं निर्माल्य. राज्यात २०१८ पासून अशा पिशव्यांना बंदी आहे, तरी त्या मिळतात आणि आपण घेतो. वर टाकलेलं पाण्याबरोबर खाली डोहात येतं आणि तिथून पुढे जातं. मुलं अनवाणी उतरतात तिथेच फुटलेली काच असते.

तेव्हा पुरी-भाजी स्टीलच्या डब्यातच न्या. एक जुनी कापडी पिशवी रिकामी ठेवा, आपला कचरा तीतून घरी आणा. जमलं तर शेजारणीचाही. निर्माल्य घरच्या तुळशीला घाला. कड्याच्या टोकाशी शेवाळ फार असतं, फोटोसाठी मुलांना तिथे उभं करू नका. आणि मंगळवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात असू द्या.