पांढरे ठिपके

आमच्या धाकट्या बहिणीच्या डाव्या डोळ्यापुढे एकदा धुके दाटले. डोळा हलवला की दुखे. लाल रंग फिका दिसे. काही आठवड्यांत नजर सुधारली आणि आम्ही भावंडे ते विसरून गेलो. वर्षभराने तिचे पाय बधिर झाले. तेही आपोआप ओसरले. पुढे ती लवकर थकू लागली, तेव्हा आम्ही आपसात म्हणू लागलो, "हिला काम नको असते." अखेर चालताना तिचा तोल जाऊ लागला आणि डॉक्टरांनी एमआरआय करण्यास सांगितले.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबक व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील हायड्रोजनकडून संकेत मिळवून चित्र रचले जाते. बहिणीच्या चित्रात मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांभोवती पांढरे ठिपके होते. शिरेत गॅडोलिनियमयुक्त औषध टोचल्यावर त्यांतील एकच उजळला. डॉक्टरांनी समजावले, "दाह ताजा असतो तिथे रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल पडतो व औषध आत झिरपते. न उजळलेले ठिपके जुने."

आजार होता मल्टिपल स्क्लेरोसिस. यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच चेतातंतूंवरील मायलिनच्या वेष्टनावर हल्ला करते. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले. पण मेंदूतील डाग दिसत ते शवविच्छेदनात. जिवंत माणसात ते स्पष्ट दिसू लागले एमआरआय आल्यावर. दाह एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळी झाला, हे ठरवताना अशा चित्रांचा आधार २००१ च्या मॅकडोनाल्ड निकषांनी मान्य केला. तथापि केवळ ठिपक्यांवरून निदान होत नाही. ते इतर विकारांतही आढळतात. म्हणून रुग्णाची हकिगत आणि तपासणी हवीच.

ती हकिगत बहीण आम्हाला कितीदा सांगत आली होती! फिल्म उजेडासमोर धरली असता तिने जुन्या ठिपक्यांकडे बोट दाखवून विचारले, "म्हणजे तेव्हाही खरेच होते ना?" आम्हाला मान वर करवेना.

आजार समूळ बरा करणारे औषध नाही. झटके कमी करणारी औषधे आहेत, ती चालू आहेत. थकवा मात्र अजून येतो, आणि तो कोणत्याही फिल्मवर दिसत नाही. तो तिच्या शब्दावरच मानायचा असतो. हे शिकायला आम्हाला उशीर झाला.