घोट्याचं बीपी

२७ नोव्हेंबर

मेणवलीकडचे एक आजोबा आले. तक्रार इतकी मुद्देसूद की विद्यार्थ्यांना लिहून द्यावी. स्टँडवरून मंडईपर्यंत चाललं की डावी पोटरी भरून येते, गोळा आल्यासारखी. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहिलं की मोकळी. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच. विडी चाळीस वर्षं. सोबत आजी होत्या. त्यांना विचारलं तर उत्तर आजोबांनीच दिलं, "तिचं काय नाय ओ, गुडघं." आजींनीही मान डोलावली.

घोट्याचं बीपी दोघांचंही घेतलं. आजोबांच्या दंडाला १५०, डाव्या घोट्याला ११४, भागाकार ०.७६. आजींच्या दंडाला १६०, उजव्या घोट्याला ९६, म्हणजे ०.६०. आकडा ०.९० किंवा त्याखाली आला की पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं धरतात. ज्याने तक्रार केली त्याच्यापेक्षा न केलेलीच्या पायाला रक्त कमी पोचतंय. आजोबा आकडा ऐकून म्हणाले, "मग तिच्या पोटऱ्या का न्हाई दुखत?"

प्रश्न चांगला आहे.

२८ नोव्हेंबर

कालच्या प्रश्नाचं उत्तर आजींकडूनच काढलं. आज एकट्या बोलावल्या होत्या.

"आजी, सलग किती चालता?"

"सलग कुठं चालायचं बाई? ह्या खोलीतनं त्या खोलीत. परड्यात जाती, येती."

"मंडईला?"

"ते आणत्यात."

"देवळात?"

"वाटंत सीताबाईच्या वट्यावर बसती जरा. मग जाती."

म्हणजे पोटरी दुखायला लागेल इतकं त्या चालतच नाहीत. पायांनी हळूहळू अंगण आखडून घेतलं आणि आजी त्यात मावल्या. आणि थांबतात तेव्हा उभ्या राहत नाहीत, बसतात. इथे डॉक्टरची पंचाईत होते. मणक्यात नस दबली असेल तर बसल्यावर, पुढे वाकल्यावर बरं वाटतं. रक्त कमी पडत असेल तर नुसतं उभं राहिलं तरी पुरतं. वट्यावर बसणाऱ्या बाईत हा फरक पुसला जातो, आणि मग कागदावर "गुडघे" किंवा "कंबर" लिहून आपण मोकळे होतो. बरं, आजींचे गुडघे खरंच झिजलेत. एक आजार दुसऱ्याच्या आड उभा राहतो तो असा.

१९६२ साली लंडनच्या जेफ्री रोझ यांनी या दुखण्यासाठी प्रश्नावली तयार केली. दुखणं पोटरीत हवं, बसल्या जागी सुरू झालेलं नको, चढाला किंवा घाईने चालताना यायला हवं, उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत जायला हवं. आजोबा त्यात नेमके बसतात. आजी पहिल्याच प्रश्नाला बाहेर पडतात. पुढे मोठमोठ्या पाहण्या याच प्रश्नावलीवर झाल्या. 'हा पुरुषांचा आजार' हा समज त्यातून पक्का झाला असला तर नवल नाही.

३ डिसेंबर

मोजायची रीत नर्सबाईंना शिकवली. पेशंटला आधी दहा मिनिटं आडवं पडू द्यायचं. पट्टा घोट्याच्या वर बांधायचा. जेल लावून डॉप्लरचा पेन आतल्या घोट्यामागे आणि मग पावलावर, असा दोन ठिकाणी तिरका धरायचा. नाडीचा फुस्-फुस् आवाज सापडला की पट्ट्यात हवा भरायची, आवाज जाईपर्यंत आणि त्याहून थोडी जास्त. हळूहळू सोडायची, आवाज परत आला तो आकडा. पायाच्या दोन आकड्यांतला मोठा घ्यायचा, दोन्ही दंडांतलाही मोठा, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं.

हे पुस्तकात असतं. पुस्तकात नसतं ते असं: बायका पाय उघडा करायला संकोचतात, नऊवारीचा काष्टा आड येतो, पैंजण सरकत नाहीत. आणि जोडवी. आज एका बाईंच्या जोडव्याखाली बोटावर गव्हाच्या दाण्याएवढी जखम निघाली, दीड महिन्याची. "जोडवं घासतंय म्हणून" हळद लावत होत्या. जोडवं काढायचं म्हटल्यावर सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाई समजूतदार निघाल्या, "काढा हो, पाय ऱ्हायला तर जोडवं."

७ डिसेंबर

जोडवंवाल्या बाईंचा आकडा १.४४. नर्सबाई खूश, "मॅडम, नॉर्मलपेक्षाही चांगला!" नाही. १.४० च्या वर गेला की समजायचं, शुगरमुळे रक्तवाहिनीच्या भिंतीत चुना भरलाय, पट्ट्याने ती दबतच नाही. आकडा खोटा. तेव्हा पायाच्या अंगठ्याचं बीपी मोजावं लागतं, ती सोय माझ्याकडे नाही. पुण्याला पाठवलं.

१० डिसेंबर

एका मोठ्या हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद हातात आला. बाई साठीच्या. "तंबाखू: नाही." मी विचारलं, "मशेरी?" "ती व्हय, ती लावती की. सकाळी न् दुपारी." तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटून दातांना चोळायची, याला आमच्याकडे तंबाखू म्हणतच नाहीत. दात घासणं म्हणतात. पायाच्या रक्तवाहिन्यांवर विडी-सिगारेटचा दोष जितका पक्का सिद्ध झालाय तितका मशेरीचा नाही, हे मान्य. पण निकोटिन तेच आहे. निदान विचारा तरी.

शिकत असतानाचा वॉर्ड आठवला. पायाची बोटं काळी पडलेले तिशी-पस्तिशीचे विडीवाले पुरुष, खाटेखाली पाय लोंबकळत ठेवून बसलेले. बर्जरचा आजार, १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी वर्णन केलेला. तो वेगळा आजार, पण पायाचा रक्तपुरवठा म्हटलं की आमच्या पिढीच्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे तोच पुरुष येतो. आजी येत नाहीत.

१५ डिसेंबर

रविवारी जुने अंक चाळले. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या आजाराच्या जगभरच्या पाहण्यांचं एकत्र गणित छापून आलं होतं. श्रीमंत देशांत ४५ ते ४९ वयाला बायका ५.२८ टक्के, पुरुष ५.४१, म्हणजे सारखेच. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पुरुष २.८९ आणि बायका ६.३१. दुपटीहून जास्त!

या शेवटच्या आकड्यावर मी उडी मारणार नाही. बायकांचा घोट्याचा आकडा निरोगीपणीसुद्धा पुरुषांपेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे ०.९० ची एकच रेघ दोघांना लावली तर काही धडधाकट बायकाही आजारी ठरतात. पण 'पुरुषांचा आजार' हे म्हणणं मात्र त्या तक्त्यापुढे टिकत नाही.

सगळंच बायकांच्या विरुद्ध जातं असंही नाही. शुगरमुळे पाय कापावा लागण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त. उलट बायका उशिरा येतात, तोवर आजार पुढे गेलेला असतो. रक्तवाहिन्या मुळातच बारीक, त्यामुळे स्टेंट-बायपासचं काम नाजूक आणि जांघेत टोचलेल्या जागी रक्तस्राव जास्त. औषधांच्या चाचण्यांत तर बायका असतातच कमी. २०२० ची व्हॉयेजर ही चाचणी पायाची शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या साडेसहा हजार लोकांवर झाली, त्यांत बायका २६ टक्के.

१८ डिसेंबर

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई विचारत होत्या, पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर पायांना फायदा होईल का. अमेरिकेच्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासात हे तपासलंय. पायाचा हा आजार त्या गोळ्यांनी टळला नाही. 'नाही' म्हणून सांगितलं.

२६ डिसेंबर

आजींना औषधं सुरू आहेत: स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपीची गोळी. बायकांना ही औषधं पुरुषांपेक्षा कमी लिहून दिली जातात, हे परदेशातल्या पाहण्यांत वारंवार दिसलंय. पायाची नळी अरुंद म्हणजे हृदयाची आणि मेंदूचीही संशयित, म्हणून औषध पायासाठी कमी आणि जिवासाठी जास्त.

खरं औषध चालणं. आठवड्यातून निदान तीन दिवस, पोटरी बऱ्यापैकी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा, असं मिळून अर्धा-पाऊण तास. तीन महिने नेटाने केलं तर चालण्याचा पल्ला वाढतो. शिकागोच्या डॉ. मेरी मॅकडरमॉट यांच्या अभ्यासात चार वर्षांत बायकांचं चालणं पुरुषांपेक्षा लवकर घटलं. त्यामागे पोटरीचा स्नायू मुळातच कमी असणं हे एक कारण निघालं. स्नायू वापरला तर राहणार.

आजोबा दुसऱ्या दिवसापासून घाटावर फेऱ्या मारायला लागले. आजी नाही. "बिनकामाचं चालती म्हणून लोक हसत्याल." सत्तरीच्या बाईला चालायला काम लागतं. शेवटी सुनेनेच तोड काढली. हातात पिशवी द्यायची. पिशवी घेतलेल्या बाईला कुणी विचारत नाही, कुठं निघालात.

११ जानेवारी

आजी पिशवी घेऊन रोज गणपतीच्या घाटापर्यंत जातात. आजोबा पुढे, त्या मागे. अजूनही मध्ये थांबतात, पण आता उभ्या राहून. आणि पोटऱ्या दुखतात असं आज पहिल्यांदा म्हणाल्या! आजोबांना वाटलं आजार वाढला. मी त्यांना समजावलं, आजार होता तेवढाच आहे, त्या आता चालतात म्हणून दुखतंय.

१९ जानेवारी

बचत गटाच्या हळदीकुंकवाला बोलायला बोलावलं होतं. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे. मी भाषण केलं नाही, एवढंच सांगितलं: वय पासष्टच्या पुढे असेल, किंवा पन्नाशी ओलांडली असून शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांपैकी काही असेल, आणि यात मशेरीही आली, तर डॉक्टरांना घोट्याचं बीपी मोजायला सांगा. "पाय दुखतात का" असं विचारलं तर नुसतं "गुडघे" म्हणू नका, पूर्वी कुठवर जात होता आणि आता कुठवर जाता ते सांगा. पायाची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर हळदीवर थांबू नका. मोजायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, सुई टोचत नाहीत, आणि जोडवी काढून बोटं तपासायला लाजायचं कारण नाही.