हात की नळी?

"मायावाला हात गेला आता," रेंजवरून परतताना आबाजी गाडीत म्हणाले. "लायसन जमा करून टाकू."

आबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. धामणगाव रेल्वेला आमच्या घरी त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्वर माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. .२२ चं, लहानसं. शिकार नाही, भांडण नाही. वर्षातून एक-दोनदा रायफल क्लबच्या रेंजवर जायचं आणि कागदाच्या टार्गेटवर गोळ्या झाडून यायचं, एवढाच त्यांचा शौक. त्या दिवशी दहा मीटरवरच्या पाच गोळ्या वीतभर पसरल्या होत्या. पूर्वी त्या चार बोटांत बसायच्या.

घरात सगळ्यांनी मान डोलावली. वय झालं, संपला विषय. मला मात्र एनसीसीतली जुनी .२२ रायफल आठवली. मीही एका कॅम्पमध्ये अशीच वाईट नेम मारून रडले होते. मग उस्तादांनी नळीतून चिंधी ओढून दाखवली होती. ती काळी निघाली होती.

"आबाजी, आधी नळी पाहू," मी म्हटलं.

"नयी काय करते? हात थरथरते माया."

पुढच्या खेपेला आम्ही मनगट वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. हात हलायचा प्रश्नच नाही. तरी पसारा जवळपास तेवढाच! म्हणजे सगळा दोष हाताचा नव्हता.

घरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली. सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दोघांनी बघितलं. सिलिंडर उघडाच ठेवून नळीच्या मागे पांढरा कागद धरला, त्यावर मोबाइलचा टॉर्च मारला आणि पुढून आत डोकावले. आत सर्पिल खाचा असतात. त्या गोळीला गिरकी देतात, म्हणून गोळी सरळ जाते. आबाजींच्या नळीत त्या खाचा शिशाने बुजत आल्या होत्या.

.२२ ची गोळी बहुतेक वेळा नुसत्या शिशाची असते, वरून मेणासारखा थर. रिव्हॉल्वरमध्ये ती सिलिंडरमधून सुटते, मधली बारीक फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. शिरतानाच घासते. त्यामुळे शिसं सगळ्यात जास्त साचतं ते नळीच्या मागच्या तोंडाशी. नळीला गंजाचे बारीक खड्डेही होते. कारण घरातच सापडलं. आबाजी शस्त्र वर्षभर चामड्याच्या होल्स्टरमध्येच ठेवायचे. चामडं पावसाळ्याची ओल धरून ठेवतं.

रायफल मागून साफ करता येते. रिव्हॉल्वरला मागे फ्रेम आडवी येते, म्हणून सळई पुढूनच घालावी लागते. इथे घाई नडते. नळी सोडताना गोळीला शेवटचा स्पर्श होतो तो पुढच्या तोंडाच्या कडेचा. ती कड सळईने एका बाजूला झिजली, की नेम कायमचा बिघडतो. आम्ही पितळी गाइड लावून सळई मधोमध ठेवली. सॉल्व्हंट लावून थांबलो, मग ब्राँझचा ब्रश, मग चिंध्या. स्टीलचा ब्रश नाही. दोन संध्याकाळी गेल्या. शिशाचे करडे पापुद्रे निघाले. खिडक्या उघड्या ठेवल्या, हात साबणाने धुतले, कारण शिसं विषारी.

साफ झाल्यावर आबाजी घोडा ओढून बघायला निघाले. मी थांबवलं. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. काडतूस नसेल तर ती सिलिंडरच्या धातूवरच आपटू शकते.

"तुले लय समजते," ते म्हणाले, पण खूश होते.

पुन्हा रेंज. पहिल्या काही गोळ्या इकडेतिकडे गेल्या. स्वच्छ नळीवर मेणाचा थर नव्याने बसेपर्यंत असं होतं. मग वाळूच्या पिशवीवरून पाच गोळ्या, चार बोटांत! राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं आणि मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, तेही .२२ च्याच काडतुसांवर. आबाजींचा चेहरा त्या दिवशी तसाच होता.

नंतर पिशवी काढून हातावर पाच. सात-आठ बोटं.

आबाजी टार्गेटजवळ बराच वेळ उभे राहिले. दोन्ही कागद शेजारी धरले. "हे नयीचं होतं," ते म्हणाले, "आन् हे मायं."

मला वाटलं होतं, नळी साफ झाली की सगळं पूर्वीसारखं होईल. अर्धंच झालं. पण आधी सगळं ओझं ते एकट्या हातावर घेत होते. आता कोणाचं किती, ते कागदावर दिसत होतं.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी नूतनीकरण केलं नाही. रिव्हॉल्वर जमा करायच्या आदल्या रात्री त्यांनी मला हाक मारली. आम्ही नळीतून शेवटची चिंधी ओढली. ती पांढरी निघाली. मग तेलाचा हलका हात फिरवला.

"जमा करायचंच आहे, तर कशाला?" आईने विचारलं.

"देतानी साफ द्या लागते, बाई," आबाजी म्हणाले.